बुट्टीभर शांतता

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, दात सगळे जाग्यावर होते, आणि कबनुरात माझ्या घराला लागून माझी शेड होती, तिच्यात माझे कापडाचे माग चालू होते. शिक्षण विचाराल तर चौथी. तीसुद्धा मास्तर कंटाळले म्हणून पास. पण मागाच्या आवाजाला जो माणूस आवाज म्हणतो तो कामाचा नाही, एवढं मला शाळेशिवाय कळत होतं. आणि अशा वेळी आमच्या घरात सर आले, ज्यांचा जन्मच आवाजाशी वैर धरण्यात गेला होता.

सर म्हणजे इंजिनियरिंग कॉलेजातले सर. कोल्हापुरात, शाहूपुरीत एका बॅटरीच्या दुकानाच्या माडीवर एकटे राहायचे. उंच, वाळके, शर्टाच्या खिशाला स्क्रू-ड्रायव्हर. विमानाच्या तळावरची माणसं कानाला वाडगे लावतात, तसले दोन वाडगे त्यांच्या गळ्यात कायम लटकलेले. आमच्याकडं कुणी गळ्यात लिंग घालतं, कुणी तुळशीची माळ घालतं. सर वाडगे घालायचे. जेवताना सुद्धा काढायचे नाहीत.

सर हळू बोलत. मोठ्यानं बोलणं म्हणजे आवाजाला शरण जाणं, असं त्यांचं म्हणणं. शाहूपुरीत हळू बोललेलं खपतं. कबनुरात हळू बोलणारा माणूस मुका धरला जातो. शेडमध्ये ते काही विचारायचे आणि आमची माणसं ‘व्हय सर’ म्हणून मोकळी व्हायची. एकदा त्यांनी आमच्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला विचारलं, की इथं विजेचा दाब किती येतो. तो म्हणाला, व्हय सर. सरांनी ते लिहून घेतलं.

आमच्या गावाची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागाच्या गावात गुपित कानात सांगत नाहीत. कानात सांगितलेलं कुणालाच ऐकू येत नाही. गुपित ओरडून सांगायचं. समोरच्याला पोचतं, आणि चार हातांवर दुसरा कुणी बसला असला तरी माग मध्ये असतात, त्याच्या कानाला काही लागत नाही. सासूबद्दल सून सासूच्या पाठीमागं उभी राहून गळा काढून बोलते आणि सासू सुखात शेंगा फोडत बसते. आमच्याकडची लग्नं टिकतात त्याचं कारण लोक संस्कार सांगतात. मी माग सांगतो.

सरांची सगळी विद्या एका वाक्यात होती: आवाजानं आवाज मारायचा. काम सुरू करायच्या आधी त्यांनी मला सुताची दोरी घेऊन दाखवलं. एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. मी टोक वर झटकलं की दोरीतून उंचवटा पळतो. त्याच वेळी त्यांनी त्यांचं टोक खाली झटकलं, की मधोमध उंचवटा आणि खळगा भेटतात आणि तिथली दोरी हलत नाही. तसंच आवाजाचं, म्हणाले. मागाजवळ एक माईक ठेवायचा, तो येणाऱ्या आवाजाची आधी खबर देतो. यंत्र त्याच्या बरोबर उलटा आवाज स्पीकरातून सोडतं. आणि कानाजवळ दुसरा माईक असतो, तो सांगतो, की मारूनसुद्धा उरलं किती. जे उरलं ती चूक. यंत्र ती चूक बघून स्वतःला जरासं बदलतं, परत बघतं, परत बदलतं.

“म्हणजे शिकतंय,” मी म्हणालो.

“शिकतं.”

“आणि मास्तर कोण?”

“चूक,” सर म्हणाले. “चुकीशिवाय दुसरा मास्तर लागत नाही त्याला.”

मी म्हणालो, “मग आमच्या बसूचं यंत्र जन्मापासनं बिघडल्यालं हाय. चुका ढिगानं, शिकणं न्हाय.”

बसू म्हणजे माझा थोरला. थोरला आणि एकुलता. तो तिथंच उभा होता. हसला. तो हसतोच.

सरांना त्या चुकीचा इतका नाद, की ते जगत पण तसेच होते. चहात साखर कमी पडली तर साधा माणूस म्हणतो, साखर घाल. सर म्हणायचे, जेवढी कमी वाटते त्याच्यातली थोडीच घाला. मग घोटभर प्यायचे. मग उरलेल्यातली थोडी. परत घोट. साखर अगदी काट्यावर आली की चहा गार झालेला असायचा आणि कपात उरलेला नसायचा. मिसळीच्या दुकानात त्यांनी रश्श्याचं हेच चालवलं, तेव्हा वाढप्यानं भांडंच त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, पावणं, तुमचं शिकणं झालं की हाक मारा.

एकदम सगळी साखर का घालत नाही, असं मी विचारलं. म्हणाले, घाई केली की यंत्र वेडं होतं. चूक मिटवायच्या नादात दुसऱ्या बाजूला पडतं, ती मिटवायला आणखी जोरानं उलटं जातं, आणि शेवटी ज्याला मारायला निघालं त्याच्यापेक्षा मोठा गोंगाट स्वतःच करतं. मी म्हणालो, आमच्याकडं याला पुढारी म्हणतात.

कॉलेज त्यांनी सोडलं का कॉलेजनं त्यांना, याची दोन-तीन रूपं ऐकली. मला पटलेलं असं, की समारंभाच्या हॉलमध्ये पंखे फार घरघरायचे म्हणून सरांनी पुढच्या सोफ्याच्या पाठीत आपले स्पीकर बसवले. खबर देणारा माईक पंख्याखाली लावायचा होता. सजावट करणाऱ्यानं तो फुलांच्या आड, बोलायच्या टेबलावर हलवला. आता यंत्राला काय कळणार, घरघर कुठली आणि भाषण कुठलं. जिथला माईक, तो आवाज मारायचा. मोठ्या साहेबांचं भाषण पुढच्या सोफ्यापुरतं पातळ होत गेलं. पाठीमागच्या पोरांना सगळं ऐकू येत होतं, ती जांभया देत होती. पुढच्या सोफ्यावरच्या मंडळींच्या कानाला काहीच लागत नव्हतं, आणि त्यांनी उभं राहून टाळ्या दिल्या. साहेब खूश झाले. घरघर कशी गेली हे सरांनी प्रामाणिकपणानं सांगितलं, तेव्हा ते नाखूश झाले.

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरची. शाहूपुरीतनं एक वरात चालली होती, पुढं स्पीकरची भिंत ट्रॉलीवर. सरांच्या माडीच्या काचा वाजायला लागल्या. मी खालच्या दुकानात बॅटरी घ्यायला गेलो होतो, काय चाललंय बघायला वर चढलो; आमची ओळख तिथली. सरांनी आपले दोन मोठे स्पीकर गॅलरीत आणले, माईक बांबूला बांधून रस्त्यावर लोंबकळवला आणि यंत्र चालू केलं. मी विचारलं, एवढ्यानं ती भिंत मरंल? सर म्हणाले, सगळी नाही, माझ्या गादीपुरती मरेल. पण ट्रॉली पुढं सरकत होती, यंत्र शिकेपर्यंत आवाजाची जागा बदलायची, परत शिकायचं, परत बदलायची. यंत्र पिसाळलं. गॅलरीतनं असा काही घुमारा सुटला, की खाली नाचणारी माणसं थांबून वर बघायला लागली. मग नवऱ्याचा भाऊ माडीवर आला. मला वाटलं, मार खाणार आता. त्यानं सरांना फेटा बांधला आणि विचारलं, हा सेट भाड्यानं मिळतो का.

हल्ली सर राधानगरीकडं असतात. तिथल्या कुठल्याशा डेअरीत दूध गार करायचं यंत्र फार घरघरतं, ते गप करायला गेलेत. तिथं पत्र्यावर पाऊसच एवढा वाजतो, की यंत्राची घरघर सरांशिवाय कुणाला ऐकू येत नाही, असं कानावर आलंय.

तर ते माझ्या घरी का आले. बसूच्या बायकोला दिवस गेले होते, आणि दोघांनी मिळून काढलं, की कोल्हापुरात फ्लॅट बघायचा. कारण काय, तर आवाज. बाळ झोपणार कसं, बाळाच्या कानाचं काय, तिचं डोकं दुखतं, डॉक्टर असं म्हणाले. मी म्हणालो, तू याच आवाजात जन्मलास, याच आवाजात झोपलास. उलट लाइट जाऊन माग थांबले की तू रडून टाळा पसरायचास. बसू म्हणाला, “तवाचं येगळं हुतं, आप्पा.” तवाचं वेगळं होतं म्हणजे काय, ते त्याला सांगता आलं नाही. त्याला कुठलीच गोष्ट धड सांगता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं मीच सांगत आलोय, सूत कुठलं घ्यायचं इथपासनं लग्नात शर्ट कुठला घालायचा इथपर्यंत.

घरातनं पोरगं जाणार, येणारं नातवंड मी सणावारी पावण्यासारखं बघणार, हे मला मंजूर नव्हतं. माग हलवणार नव्हतो. मग उरलं काय? मी चौघांत सांगितलं: घर बदलणार न्हाय, आवाज बदलीन. आणि शाहूपुरीत जाऊन सरांना घेऊन आलो. बसूकडनं शब्द घेतला, की सरांचं यंत्र चाललं तर कुणी उंबरा ओलांडायचा नाही. त्यानं लगेच दिला. सरांकडं एकदा बघितलं होतं ना त्यानं.

सर आले आणि पहिला दिवस त्यांनी आमच्या फळीवरचा पेला बघण्यात घालवला. मागाच्या हादऱ्यानं आमच्याकडं भांडी चालतात. भरलेला पेला फळीच्या या टोकाला ठेवला, की जेवणवेळेपर्यंत त्या टोकाला जातो. आमच्या बायका त्याला अडवायला फळीला पट्टी ठोकतात आणि विसरून जातात. सर मात्र स्टुलावर बसून त्या पेल्याकडं, तान्हं पोर पहिलं पाऊल टाकताना बघावं तसे बघत होते. माझी बायको म्हणाली, “ह्यास्नी कामाला आणलंय का पेला राखाय?”

मग म्हणाले, वरच्या पट्टीतली खटखट तुमची भिंत अडवते. पण धडधड जमिनीतनं आणि भिंतीतनं आत येते, तिला भिंत काही करू शकत नाही. ती माझी. मी म्हणालो, सगळं घर गप करा. ते म्हणाले, सगळं घर होत नाही. शांतता पडते ती बुट्टीएवढी.

“केवढी?”

त्यांनी स्वयंपाकघरातली भाकरीची टोपली, म्हणजे आमची बुट्टी, उचलून माझ्या डोक्यावर धरली. “एवढी. डोकं हिच्यात पाहिजे. डोकं बाहेर गेलं की माग सुरू.”

मला हा व्यवहार हलका वाटला. पण बाळाचं डोकं केवढं असणार, बुट्टीत मावतं. बाळाच्या पाळण्याला एक बुट्टी, सूनबाईच्या खाटेला एक. आधी खुर्चीवर करून बघू, सर म्हणाले. खुर्ची अर्थात माझी. सोप्यातली, म्हणजे पुढच्या खोलीतली, हाताची, जिच्यावर दुसरं कुणी बसत नाही. तिच्या पाठीला डोक्याच्या दोन बाजूंना दोन स्पीकर, कानांजवळ वाटाण्याएवढे दोन माईक, आणि एक वायर भिंतीतनं शेडमध्ये मागापर्यंत. माझं बोलणं पण मारंल का, असं मी विचारलं. सर म्हणाले, “नाही. मी मागाची खबर देतो, तेवढंच ते मारतं. माणसांचं बोलणं जसंच्या तसं राहतं.” मी मान डोलावली. डोलावताना माणूस विचार करत नाही.

पहिल्या खेपेला यंत्र पिसाळलं आणि माझ्या दोन्ही कानांत एकदम रेड्यासारखं ओरडलं. शेजारचा धावत आला. सर म्हणाले, शिकायची घाई झाली. मी म्हणालो, तुमच्या यंत्रापेक्षा आमचा बसू बरा, तो शिकत न्हाय पण वरडत तरी न्हाय.

दुसऱ्या खेपेला सरांनी ते हळू लावलं. दुपारची वेळ, शेडमध्ये सगळे माग चालू. मी खुर्चीत पाठ टेकून बसलो. आधी धडधड पातळ झाली, ताकात पाणी घालावं तशी. मग आणखी पातळ. मग कुणीतरी माझ्या छातीवरचं सुताचं पोतं उचलून नेलं. मला वाटलं, माग बंद पडले. मी ओरडलो, लाइट गेली का रं? आणि दचकलो, कारण तो आवाज मला माझ्या बापाचा वाटला. एवढा मोठा, एवढा खरखरीत. मी कुणाला असा बोलतो हे मला माहीत नव्हतं. सरांनी हातानंच सांगितलं, लाइट आहे, बसा. मी डोळे मिटले.

स्वयंपाकघर माझ्या पाठीमागं. तिथं तिघं होती, बसू, सूनबाई आणि माझी बायको. भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आमच्या घरात भाकरीला आवाज असतो, हे मला त्या दिवशी कळलं. बसूनं डोकावून बघितलं असणार.

“आप्पा डोळं झाकून बसल्यात,” तो म्हणाला. कबनूरच्या रीतीप्रमाणं, घसा ताणून. “चाललं वाटतंय त्या सरांचं.”

“आता काय वं?” सूनबाई म्हणाली.

“आता काय. आवाजाचं निमित्त गेलं की. दुसरं कायतर हुडकाय पायजे.”

“एकदा खरं काय ते सांगा की त्यास्नी.”

“काय सांगू? आप्पा, मागाचा आवाज सोसतोय, तुमचा सोसत न्हाय, असं सांगू? पस्तिशी आली माझी. सूत घेताना व्यापारी माझ्याकडं बघत पण न्हाय, आप्पास्नी इचारतो. पोराचं नाव ठरवून बसल्यात. पोरगाच व्हनार, ह्ये पण त्यांनीच ठरवलंय.”

मी वाट बघत होतो. माझी बायको आता त्याला उलथनं फेकून मारणार, अशी माझी खात्री होती. पन्नास वर्षं तिनं माझ्याविरुद्ध कुणाला बोलू दिलं नव्हतं. निदान मला ऐकू येईल असं तरी नाही. भाकरी थापायची थांबली.

“जावा बाबानू,” ती म्हणाली. “मागाला निदान बटन तरी हाय. मी हाय न्हवं हितं. मी बघती त्यास्नी.”

आणि भाकरी परत सुरू झाली.

मी डोळे उघडले. सर समोर उकिडवे बसले होते, हातात तो आकडे दाखवणारा डबा. तोंड असं, की देवाला कौल लावून बसलेत. इतकी वर्षं त्यांनी पंखे, वराती, पाण्याच्या मोटारी, काय काय धरलं होतं, आणि एक काम धड पार पडलं नव्हतं. माझ्या सोप्यात ते पार पडलं होतं आणि ते माझ्याच तोंडून ऐकायला थांबले होते.

“आप्पा, कसं आहे?”

आता बघा. मी ‘चालतंय’ म्हणालो असतो तर बसू शब्दात अडकला असता. उंबरा ओलांडला नसता त्यानं. तेवढी अक्कल मी त्याला दिलेली आहे, दिलेला शब्द पाळतो. पोरगं घरात राहिलं असतं, नातू माझ्या मांडीवर आला असता, आणि मी रोज त्या खुर्चीत बसून स्वयंपाकघर ऐकलं असतं.

“न्हाय चालत,” मी म्हणालो.

सरांनी डबा बघितला. मग मला बघितलं. “आकडा जवळजवळ शून्यावर आहे, आप्पा.”

“आकड्याला कान हाईत का? न्हाय म्हटलं न्हवं.”

त्यांनी मला हाताला धरून उठवलं आणि स्वतः बसले. गळ्यातले वाडगे पहिल्यांदाच काढून मांडीवर ठेवले, डोकं टेकलं, डोळे मिटले. मी बुट्टीच्या बाहेर उभा, माझ्या कानात परत धडधड. आत स्वयंपाकघरात काय चाललंय ते मला ऐकू येत नव्हतं, फक्त सरांचं तोंड दिसत होतं. आधी ते खुललं. मग ते हळूहळू मिटत गेलं. मग त्यांनी बटण बंद केलं, ते वाटाण्याएवढे माईक रुमालानं पुसले आणि उठले.

“बरोबर आहे,” म्हणाले. “नाही चालत.”

तेवढ्यात बसू बाहेर आला. काय झालं सर, म्हणून विचारलं. सरांनी सांगितलं. बसूला ऐकू आलं नाही, त्यानं परत विचारलं. सरांनी परत सांगितलं. माग चालू होते, तिसऱ्यांदा विचारायची पाळी आली. तेव्हा सर ओरडले. त्या माणसाला मी ओरडताना तेवढं एकदाच ऐकलं.

“माझं यंत्र चालत नाही. तुम्ही दुसरं घर बघा.”

बसूनं तोंड पाडलं. चांगलं पाडलं. पहिल्या खेपेला जमलेलं त्याचं ते एकच काम असंल.

मी सरांना स्कूटरपर्यंत पोचवायला गेलो. जेवून जावा म्हणालो, ते नको म्हणाले. मग मी विचारलं, “खुर्चीत काय ऐकलासा?”

“माग,” सर म्हणाले. “बाकी काही नाही.” आणि वाडगे कानाला लावून गेले.

कबनुरात अजून कुणी म्हणतं, की आप्पांनी तो एक येडा सर आणला होता, त्याचं काही चाललं नाही. मी त्याचं खोडून काढत नाही. त्या माणसाशी दुसऱ्या कुठल्यातरी विषयावरनं भांडण काढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच बसूला उठवलं आणि म्हणालो, चल फ्लॅट बघू. कोल्हापुरात गेलो. तिसरा मजला, तीन खोल्या. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला, म्हणजे उन्हाळ्यात संध्याकाळची भाकरी तव्याशिवाय भाजणार. संडास दाराच्या समोर. भिंतीला ओल आलेली, वरनं रंग मारलेला, आंधळ्याला दिसंल असा. बसू खोल्याखोल्यांतनं फिरला, नळ सोडून बघितले, गॅलरीत उभा राहिला. फार आवडला होता त्याला. मग माझ्याकडं वळला आणि खांदे जरा वर घेतले, पोरगं पाठीत धपाटा येणार म्हणून घेतं तसे.

“आप्पा, कसा वाटतोय?”

तिथं इतकं शांत होतं, की त्याचा श्वास ऐकू येत होता.

“राहायचं तुला हाय,” मी म्हणालो, जमंल तेवढं हळू. आणि तो आणखी काही विचारायच्या आत जिना उतरून खाली आलो. खाली वॉचमन पाइपनं नारळाच्या रोपाला पाणी घालत होता, बुंध्याला सोडून भलतीकडंच. त्याला मी जे धारेवर धरलं, ते बसू खाली येईपर्यंत सोडलं नाही.